एकास पाचशे

बेलापूरच्या शेडमध्ये मी माणसं टोचायचो.
एकास पाचशे या प्रमाणात
माणूस साडेतीन मिलिमीटर भरतो.
कोरायला गेलं की पात्याखाली तुटतो,
म्हणून टाचण्या.
थर्मोकोलमध्ये खुपसायची, डोकं तेवढं वर ठेवायचं,
झाला नागरिक.
दिवसाला चारशे. रात्री झोपेतही बोटांना टोचत.

केळशीकर साहेबांना शहर दिसायचं.
म्हणजे खरंच दिसायचं.
आम्हाला दिसायचा सरस, पुठ्ठा
आणि खाडी म्हणून ठेवलेली निळी काच.
सगळे गेले की ते ट्यूबलाइट बंद करत,
टेबललॅम्प पारसिकच्या डोंगरामागे धरून
हळूहळू वर नेत.
"बघ, सेक्टर सहा उठतोय."
एकदा तसाच दिवा धरून म्हणाले,
"हे मला बोलता येत नाही रे.
बोलायला गेलो की त्याचा अहवाल होतो."
मी काय सांगणार?
दिव्याची वायर आखूड होती,
सूर्य दुपारपर्यंत पोचायचाच नाही.

मग टेंपोत घालून ते सगळं
सारसोळ्याच्या शाळेत नेलं.
साहेब दीड तास बोलले.
घनता, हरित पट्टा, पुढची पन्नास वर्षं.
"माणूस केंद्रस्थानी" म्हणताना
त्यांचा घसा दाटला, खोटं नाही सांगत.
समोर मिठागरावरून थेट आलेले लोक,
पोटऱ्यांवर मीठ वाळलेलं,
बंद पंख्याकडे बघत बसलेले.

बामीबाय उठली. कमरेला पदर खोचून वाकली.
निळ्या काचेत तिला तिचंच तोंड दिसलं,
ते तिनं बोटानं पुसलं.
"खाडीला पानी चरत नाय कं?"
साहेब म्हणाले, ते दाखवता येत नाही.
"न ही मानसा? सगली उभीच?"
साहेब म्हणाले, ती प्रमाणासाठी आहेत, आजी.
"तुमचे गावान कोन बसत नाय?
कोनाचा मेला तं दारान जाऊन कोन बसंल?"

शाळेत हशा पिकला.
मग आपोआप विरला.
साहेबांनी छडी खाली ठेवली
आणि माझ्याकडे पाहिलं,
जणू मीच काहीतरी विसरलो होतो.

मी एक टाचणी अंगठ्यानं दाबली.
जेमतेम दोन मिलिमीटर.
माणूस बसला.
"तिचे बाजूला आजून येक."
तीही दाबली.
"हां," बामीबाय म्हणाली,
"आता कोनतरी ऱ्हातंय."
जमिनीला मात्र ती नाहीच म्हणाली,
आणि तिच्यामागे सगळे.

परतताना मॉडेलचा कोपरा साहेबांच्या मांडीवर.
तुर्भ्याच्या खड्ड्यात टेंपो आदळला
तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे पसरून
शहर झाकलं.
बोलले काहीच नाहीत.

सकाळी शेड उघडली, तर
सेक्टर सहामधल्या निम्म्या टाचण्या दाबलेल्या.
दोघं दोघं, कुठे सातजणांचा घोळका,
तळ्याच्या काठावर एकच.
सवय नसलेल्या अंगठ्याचं काम,
थर्मोकोलला ठिकठिकाणी खळगे.
काही तर इतक्या खोल गेल्या होत्या
की डोकंही दिसत नव्हतं.
ते कोण, मी विचारलं नाही.

आता मी त्याच सेक्टरमध्ये राहतो,
तिसऱ्या मजल्यावर.
ऊन डोंगरामागून येतं
आणि दुपारपर्यंत पोचतं.
आज खाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्यात.
सहाव्या मजल्यावरच्या कुरियन बाई गेल्या.
आमची ओळख लिफ्टपुरती,
त्या नेहमी माझं बटण आधी दाबायच्या.
त्यांच्या मुलाशी काय बोलावं, सुचत नाही.
मल्याळम येत नाही, मराठीतही नसतंच काही.
मी चपला घालून खाली उतरतो.
गुडघे हल्ली वाकत नाहीत,
खुर्चीपाशी नुसताच उभा राहतो.
मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवतं,
हलकेच दाबतं.