बरणीतल्या स्प्रिंगा

मिरजोळ्याच्या शेडमध्ये तीन दिवस
आम्ही वजनं करतोय.
काटा पेडणेकर सोनाराचा, उसना.
एका पारड्यात टायटॅनियमचा व्हॉल्व्ह, दुसऱ्यात पोलादाचा.
टायटॅनियमचं पारडं वर जातं
आणि केतकी पावसकर, जिची गाडी,
म्हणते, हेच घ्या.

मुकादमचाचा बोलत नाहीत.
चाळीस वर्षं त्यांनी ट्रॉलरची इंजिनं उघडली.
तिथे मिनिटाला अठराशे फेरे, तेही भरती बघून.
इथे नऊ हजार.
म्हणजे सेकंदाला पंच्याहत्तर वेळा दार उघडायचं
आणि पंच्याहत्तर वेळा लावायचं, वेळेवर.
उशीर झाला तरी पिस्टन वर येतोच.

चाचा खिशातून लोहचुंबक काढतात.
इनटेकचा व्हॉल्व्ह चटकन बिलगतो.
एक्झॉस्टचा, निकेलच्या मिश्रधातूचा, ढिम्म.
"कुणाला चिकटत नाही, तोच आगीत टिकतो,"
म्हणतात आणि स्वतःच हसतात,
चार भावांच्या एका चुलीवर जेवणारा माणूस.

गाइड कांस्याचं. त्यावर वाद नाही.
मिरकरवाड्याच्या जेटीवर पडलेला पंखा
त्याचाच जातभाई,
खाऱ्या पाण्यात फिरून फिरून हिरवा झालेला.

"टायटॅनियम रिटेनरला लाव," चाचा म्हणाले.
"स्प्रिंगच्या डोक्यावर बसतो तो, तिथले ग्रॅम वाचव.
व्हॉल्व्ह पोलादाचाच, दांडी बारीक करून.
उरलेले पैसे स्प्रिंगांत घाल.
उघडायला कॅम आहे रे. मिटायला कोण आहे?"

स्प्रिंगा आल्या. सोळा. एसटीच्या पार्सलने.
मी खोकं फोडलं, मोजल्या, खिडकीत मांडल्या
आणि घरी गेलो.
रात्रभर समुद्रावरून वारा होता.

सकाळी चाचांनी एकेक भिंगाखाली फिरवली.
अकरावीच्या तिसऱ्या वेढ्यावर तांबूस ठिपका,
मोहरीएवढाही नाही, राजगिऱ्याएवढा.
नखाने गेला. खाली खड्डा राहिला.
केतकी म्हणाली, दिसतसुद्धा नाही.
मीही तेच म्हणणार होतो.

चाचा खिडकीकडे बघत राहिले.
शहाऐंशी साली, म्हणाले, पूर्णगडच्या बाहेर
अशाच ठिपक्यातून एक तुटली.
इंजिन बंद. दोन रात्री.
पुढचं सांगितलं नाही;
काटा पुसला, सोनाराला परत द्यायला
फडक्यात बांधला.

आता पंधरा जुन्या आणि एक नवी,
लोणच्याच्या बरणीत, तेलात बुडालेल्या,
तोंडाला दादरा.
बायको विचारते, मुरायला किती दिवस?
शर्यत मार्गशीर्षात. घाटात तेव्हा धुकं असतं.

अकरावी खिडकीत टांगली आहे, खिळ्याला.
रोज थोडी लाल होते.
केतकी येते तेव्हा गाडीकडे जायच्या आधी
तिला बोट लावते,
आणि बोट जीन्सला पुसते.