बिब्ब्याची खूण

काल दोघे जण आले, पांढऱ्या गाडीतून.
शाल होती, नारळ होता आणि एक छापील अर्ज.
"आजी, बेचाळीस साली तुम्ही नेमकं काय केलंत?"
मी म्हटलं, कपडे मोजले.
त्यांचं पेन थांबलं.

लिहा की. कपडेच मोजले.
देवळाली कॅम्पाची धुणी दारणेवर यायची
गाढवाच्या पाठीवर, बराकीगणिक एक गाठोडं.
बा भट्टी लावायचा, आई आपटायची,
मी नऊ वर्षांची, बिब्बा घेऊन बसायचे.
कॉलरच्या आत, मानेला लागेल तिथे
ज्याच्या त्याच्या सदऱ्याला त्याची खूण:
दोन टिंबं. आडवी रेघ. कोंबडीचा पाय.
अक्षर येत नव्हतं मला. खूण यायची.

विसपुते मास्तर चित्रकलेचे.
भगूरला बाजाराच्या दिवशी भेटायचे,
वांगी निवडता निवडता विचारायचे,
"साळू, कोंबडीच्या पायाचे किती गं या खेपेला?"
सदरे किती, तर माणसं किती.
खळ कडक सांगितली, तर कुणी मोठा साहेब यायचाय.
गाठोडं ओलंच परत मागितलं,
तर रात्री गाडी सुटणार.
एवढं साधं होतं ते.
गेटावरचा शिपाई गाठोड्यात संगीन खुपसून बघायचा.
परटाच्या शेंबड्या पोरीच्या डोक्यात
कुठून खुपसणार?
मास्तर खडीसाखर द्यायचे. शाबास म्हणायचे नाहीत.
ते मला आवडायचं.

मग तो सदरा आला.
खिशाला आतून ठिगळ, घरी लावलेलं,
टाके आमच्या आईसारखे, मोठे आणि घाईचे.
इतका अरुंद, की बा म्हणाला, हा पोराचा का काय?
ज्याचा होता तो गेटापाशी उभा असायचा,
उन्हानं नाक सोललेलं,
आमच्या गाढवाला स्वतःच्या पावातला तुकडा द्यायचा
आणि भलत्याच नावानं हाक मारायचा.
असेल त्याच्या घरी एखादं गाढव.

त्या आठवड्यात कोंबडीच्या पायाचे
एकशे बारा सदरे ओलेच मागितले.
मास्तर वांग्यांशी उभे. धोतराच्या काठाला वंगण लागलेलं.
"आज की उद्या, साळू?"
आज. मला ठाऊक होतं.
मी म्हटलं, वाळायचेत अजून.

लिहिताय ना?

गाडी त्याच रात्री गेली. लहवितच्या पुढे रूळ शाबूत होते.
दुसऱ्या रात्री मास्तर गेले, पाना आणि हातोडा घेऊन,
तर तिथे पोलीस आधीच विड्या फुंकत बसलेले.
कुणी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही.
मी नाही सांगितलं.
मी फक्त उद्या सांगितलं.

नाशिक रोडच्या तुरुंगातून दीड वर्षानं सुटले,
उजवा हात थरथरायचा, सरळ रेघ निघेना.
बाजारात एकदाच भेटले. वांगी निवडली.
काही विचारलं नाही.
खडीसाखर दिली.
ती मी खाल्ली. नऊचे अकरा झाले होते मला,
तरी खाल्ली.

तो सोललेल्या नाकाचा कुठे पोचला,
ब्रह्मदेशात का समुद्राच्या तळाशी,
मला कोण तार करणार?
सदरा परत धुवायला आला नाही, एवढं खरं.

पेनवाला म्हणाला, काही पुरावा? कारावासाचा दाखला?
मी अंगठा पुढे केला. बिब्बा उततो कातडीवर,
हा डाग तेव्हाचा. त्यानं अंगठा पाहिला
आणि शाईचा डबा पुढे सरकवला.
सहीच्या जागी लावा, म्हणाला.

गेले ते. शाल ठेवून गेले.
दिवा लावायच्या आधी
मी तिचा काठ उलटा करून पाहिला,
आतल्या बाजूनं, मानेला लागेल तिथे.