मधे कुठे असतो

रामबागेत आमच्या गल्लीतला
शेवटचा पिवळा दिवा काल उतरवला.
शिडीवर भेरूलाल,
खाली मी, त्याचा पेचकस धरून.
"अब सफेद लगेगा मॅडम, साफ दिखेगा."
काय साफ दिसायचं राहिलंय या गल्लीत
ते मी विचारलं नाही.

कॉलेजातला सोडियमचा दिवा
या दिव्याचा चुलतभाऊ.
लावल्या लावल्या तो पिवळा नसतो,
आधी गुलाबी, लग्नघरातल्या पाहुण्यासारखा.
सोडियम उठायला दहा मिनिटं घेतो
आणि पोरांना तेवढा धीर कुठला.
मग पडदे ओढायचे.
त्या उजेडात सगळे रंग मरतात.
शर्वाणी पागनीसची लाल ओढणी
दर मंगळवारी काळी व्हायची
आणि ती दर मंगळवारी हसायची.

दुर्बिणीत पिवळी रेषा एकच दिसते.
नीट जुळवलं, श्वास धरला
की दोन होतात, अगदी खेटून.
एकटीच शर्वाणी पहिल्या खेपेला म्हणाली, दोन आहेत.
आणि वर विचारलं,
"इलेक्ट्रॉन वरून खाली येतो ना मॅडम,
तेव्हा मधे कुठे असतो?"

फळ्यावर माझी वर्तुळं होती,
मलाच न पटणारी.
पण खरा आकार ढगाचा, आणि
खडूने ढग काढला की मेंढी होते.
"मधे नसतोच," मी म्हटलं.
"वर होता. खाली आहे.
जेवढं पडला तेवढ्याचा उजेड झाला.
हिशेब पुरा."
"पटत नाही."
"मलाही नाही. वहीत लिही."
तिने लिहिलं. खाली रेघ मारली. दोनदा.

निवृत्तीनंतर, दुपारी,
कामवाली आली नाही म्हणून चिडलेली असताना
गणित पुन्हा मांडून बसले.
आणि दिसलं, की मी चुकीचं सांगितलं होतं.
मधे असतो तो.
थोडा वरचा, थोडा खालचा,
एकाच वेळी, दोन्ही मिसळून,
आणि त्या मिसळीत ढग झुलतो,
इकडे, तिकडे,
सेकंदाला पन्नास हजार अब्ज गुणिले दहा.
त्या झुलण्याचा जो ठेका
तोच त्या पिवळ्याचा रंग.
बघायला गेलात तर वर सापडेल किंवा खाली.
विचारलंत की उत्तर द्यावं लागतं त्याला.

आम्हालाही विचारतात की, शिरगणतीला येऊन,
मातृभाषा एकच सांगा.
सांगतो. मराठी.
आणि दार लावताना म्हणतो, चलो, अच्छा हुआ.

शर्वाणीचा नंबर जुन्या डायरीत होता.
लावला.
आवाज म्हणाला, यह नंबर मौजूद नहीं है.
दुसऱ्या वर्षानंतर ती आलीच नव्हती,
कोणी म्हणालं देवास, कोणी म्हणालं लग्न,
एकाने सांगितलं बँकेत आहे.
वर्गात मी तिच्या नावापुढे
बरेच दिवस काट मारली नव्हती.

भेरूलालने विचारलं, "यह रखोगी?"
जुना बल्ब, आत काचेची काळवंडलेली नळी.
घेतला. फ्रिजवर ठेवलाय.

रात्री वरण उतू गेलं.
मीठ जाळावर पडलं
आणि निळी ज्योत एकदम पिवळी झाली,
तीच पिवळी, त्याच जागची.
गॅस बारीक करायला हवा होता.
मी जरा थांबले.