चप्पल पोचवायची आहे

हर्णैचा लिलाव उरकला की
बर्फाचा रिकामा क्रेट उलटा करून मी बसते
आणि फोनमधलं ते पाणमांजर उघडते.

यज्ञेशने घालून दिलंय. म्हणाला, आत्ये,
यात कुणी मरत नाही.
मी म्हटलं, मग खेळायचं काय?

एक चप्पल सापडलीय त्याला, डाव्या पायाची.
ती कुणाची, एवढंच विचारत फिरायचं.
खडकावरचा बगळा म्हणतो, माझी नव्हे, बस जरा.
बसलं तर बसता येतं. खरंच.
कोपऱ्यात घड्याळ नाही,
लाल पट्टी कमी कमी होत नाही,
पाण्यात पडलं तर डुबुक्,
आणि पुन्हा काठावर, अंग झटकत.

दुपारभर माझ्या तोंडात आकडेच असतात,
सुरमई साडेसहाशे, सातशे, बोल रे पुढे,
बर्फाचं पाणी होतंय, टेम्पो हॉर्न मारतोय,
डिझेलची उधारी वहीत जागी.
इथे एक कासव मला विचारतं,
आज वारा कसा वाटला?
सत्तेचाळीस वर्षं वाऱ्यावर जगले मी,
हे कुणी विचारलं नव्हतं.

परवा चप्पलवाली सापडली,
दीपगृहाखाली, एक पाय अनवाणी, शेंगा सोलत बसलेली.
बटण दाबलं की खेळ संपला.

दाबलं नाही.
चप्पल पिशवीत टाकून
पाणमांजराला परत बगळ्याकडे नेलं.
तो म्हणाला, बस जरा.

समोर सुवर्णदुर्गावरचा उजेड गेला होता.
माझ्याही पायात एकच चप्पल होती,
दुसरी क्रेटखाली कुठेतरी.
शोधेन.