दुसरी वेलांटी

सातपूरच्या टाइम ऑफिसात एकवीस वर्षं
माझ्या खिडकीशी रजेचे अर्ज आले.
निवृत्ती फडोळ, प्रेस शॉप, टोकन चारशे बारा,
राहणार मुंगसरे, चूक कायम एकच:
सर, आय वॉन्ट थ्री डेज लिव्ह.
एल, आय, व्ही, ई.
साहेब, मला तीन दिवस जगायचंय.

मी लाल पेनानं गोल करायचे.
"फडोळ, ही पहिली वेलांटी झाली. आपल्याला दुसरी हवी.
ई, मग ए. हा ए तोंडातून निघत नाही,
पण कागदावर लागतो."
"बोलत नाही तर पोसायचा कशाला?"
पुढच्या महिन्यात पुन्हा एल, आय.

एकदा पॅनेलच्या दारावरची पाटी वाचून आला:
कवटी, दोन हाडं, खाली तीच चार अक्षरं.
"मॅडम, तिथं कुणाची रजा टांगलीय?"
"हात लावून बघा. ते लाइव्ह."

सप्टेंबरात कारण ठरलेलं: बागेची पानगळ.
छाटणीआधी वेल उघडा करायचा, घरचीच माणसं लागतात.
पानांनाही इंग्रजीत जवळजवळ हेच म्हणतात
हे मी त्याला कधी सांगितलं नाही.
घोटाळा काय कमी होता?

सिन्नरच्या शाळेत बाई ओठ धरून शिकवायच्या:
जगायचं तर ओठ सैल सोडा, लिव्ह.
निघून जायचं तर ताणा, हसल्यासारखे, लीव्ह.
आम्ही पन्नास पोरी एका सुरात
जगायचो, जायचो, जगायचो, जायचो,
मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत.

गेल्या शुक्रवारी पुण्याहून साहेब आले,
माझ्या धाकट्याच्या वयाचे.
गेटपाशी उभं राहून नोटीस वाचली.
प्लांट हलणार. एकतीस तारखेपर्यंत सर्वांनी
तो शब्द आला तेव्हा
ओठ अगदी बाईंनी सांगितले तसे ताणले त्यांनी.

मी नोटीस दोनदा वाचली, लाल पेन हातात धरून.
एकही चूक नाही.

माणसं पांगल्यावर फडोळ काचेशी आला,
बोट त्या शब्दावर.
"हे आपलं का, मॅडम?"
"नाही. दुसऱ्या वेलांटीचं."
"म्हणजे बरोबर लिहिलंय."
जरा थांबून म्हणाला,
"एक फॉर्म द्या. सात दिवस शिल्लक आहेत माझे."

उभ्या उभ्या भरला, जुन्याच स्पेलिंगनं.
मी पेनाचं टोपण काढलं नाही.
शिक्का मारला.