ठिपका

लाकूड-गिरणीच्या काट्यावर मी बसते,
वोरूच्या दक्षिणेला, जिथे रस्ता संपतो आणि नुसते पाइन उरतात.
ट्रक येतात, वजनं लिहिते.
दुसऱ्या, निळ्या वहीत लिहिते
कुणाला काय लागलं ते.

निळी वही तशी कंटाळवाणी.
कुसळ. ठेच. चेंगरलेलं नख.
शेवटच्या रकान्यात बहुतेकदा एकच शब्द:
किरकोळ.
इतक्यांदा लिहिलाय की हात आपोआप वळतो,
सही करताना वळतो तसा.

मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, रास्मुस आला.
एकवीस वर्षांचा, कान थंडीने लाल,
हातमोजा काखेत.
"फोरमन म्हणाला नोंद कर, म्हणून आलो."
डावी तर्जनी पुढे केली,
पोरं शाळेत नखं दाखवतात तशी.

मी चष्मा लावला. पुसून पुन्हा लावला.
पेरावर एक ठिपका,
पेन्सिल टेकवून उचलावी एवढा.
रक्त नाही. सूज, असलीच तर, जराशी.
"दुखतंय?"
"छे. मुंगी चावली म्हण."
साली सोलायच्या यंत्राची नळी कुठूनतरी फुसफुसत होती,
याने बोट फिरवून भोक शोधलं.
"सापडलं," म्हणाला, आणि हसला.

मी लिहायला घेतलं. रास्मुस ताल्विक. डावी तर्जनी.
शेवटच्या रकान्याशी पेन अडलं.

चौदा वर्षांपूर्वीचं ते पान मला उघडावं लागत नाही.
काल्यो. उजवा तळवा. तेल उडालं. धुतलं. कामावर परत.
आणि पुढे तोच शब्द, माझ्याच अक्षरात.
काल्यो आता डाव्या हाताने कॉफी ढवळतो.
बाजारात भेटला की त्याच हाताने टोपी उचलतो,
हवापाण्याचं बोलतो.
एकदा तरी शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

दाबाखालचं तेल बारीक भोकातून निघतं
तेव्हा ते तेल नसतं, सुई असते.
तिच्यामागे कातडी मिटते, पाहुणा आत आल्यावर दार लावावं तशी,
आणि आत ते सरकत राहतं
शिरांच्या कडेकडेने, तळव्याकडे, मनगटाकडे.
दुखत नाही,
हीच त्याची चाल.

मी गाडीची किल्ली घेतली.
"आणि वाटाण्याचं सूप?"
"काही खायचं नाही. पाणीसुद्धा नको."
काट्यावर ट्रक खोळंबलेला, ड्रायव्हर हॉर्न देतोय,
फोरमन दारात: राईचा पर्वत करतेस, लेइदा.
हो, म्हटलं.
करते.

तार्तू सत्तर किलोमीटर.
निम्म्या वाटेपर्यंत तो माझ्या गाडी चालवण्याची थट्टा करत होता.
मग गप्प झाला.
मांडीवरचा हात उचलून त्याने छातीशी धरला,
मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.
फक्त वेग वाढवला.

खिडकीतल्या मुलीने ठिपका पाहिला, खुर्ची दाखवली.
आमच्यापुढे कपाळ फुटलेला एक म्हातारा होता,
रक्त दिसतं त्याला आधी घेतात, त्यात चूक काय.
पण मी खुर्चीवर बसले नाही.
म्हटलं, हायड्रॉलिक तेल. दोनशे बार. अकरा चाळीसला.
मागच्या टेबलावर कागद लावणारी थोराड नर्स
कागद तसेच ठेवून उठली.
चालत्या-बोलत्या पोराला त्यांनी पळवत नेलं,
त्याचे चिखलाचे बूट चादरीच्या बाहेर.

बोटाच्या टोकापासून तळव्यापर्यंत उघडलं, म्हणे.
बोट राहील की नाही, शुक्रवारी सांगतील.

मी परतले तेव्हा अंधार होता.
सूप कुणीतरी झाकून ठेवलेलं, वर साय धरलेली.
वही तशीच उघडी.
शेवटचा रकाना मी कोराच ठेवला.

बुधवारी सकाळी मार्गस आला,
अंगठ्यात कुसळ गेलंय, म्हणे, लिही किरकोळ.
म्हटलं, थांब.
इकडे ये जरा, दिव्याखाली.