राखेवर कोरडा हात नको

सकाळी साडेपाचला,
ऊन कंपाउंडच्या भिंतीवर चढायच्या आत
मी दोन बादल्या घेऊन बाहेर येतो.
एक साबणाची. दुसरी नुसत्या पाण्याची,
फडकं खंगाळायला.
कुमुद म्हणते, एवढं तर तुम्ही
स्वतःच्या अंगालाही कधी जपलं नाही.
खरं आहे.

रात्रभर दीपनगरकडून वारा होता.
गाडीवर राख बसलीय,
कळण्याचं पीठ चाळून ठेवावं तशी,
टपावर, काचेवर, आरशांच्या कानांवर.
शेजारचे झोपे फडकं झटकतात,
कोरड्यानेच फर्र फर्र पुसतात
आणि निघतात ड्यूटीवर.
कधी तिरप्या उन्हात बघा त्यांचं बॉनेट,
कोळ्याने जाळं विणल्यागत.
राख मऊ दिसते हो. दिसतेच फक्त.
तिच्या पोटात काच असते.

एकतीस वर्षं लोकोशेडात रंग मारला मी.
खरवड, अस्तर, लांबी, घासकाम,
मग एक हात. वाळू द्या. दुसरा हात.
पहिल्या हाताला घाई केली
तर शेवटचा हात चारचौघांत सांगून देतो.
ते सगळं लोखंड घाट चढून
आठवड्यात परत यायचं, काळंठिक्कर,
आणि कुणी म्हणायचं नाही,
नेहेते, मागल्या सोमवारी काय दिसत होतं!

ही मात्र माझी. बारा फूट, मोरपंखी.
सावद्याच्या केळीवाल्याकडून घेतली
मागच्या दारावरच्या चिकाच्या डागांसकट.
केळीचा चीक सदऱ्यावर पडला
तर सदरा फाटतो, डाग नाही.
पत्र्यावरून गेला. तीन रविवार लागले.

आधी पाणी. वरून, धीराने,
राख स्वतःहून उतरेपर्यंत.
मग टप, मग काचा, मग दारं,
चाकं सगळ्यात शेवटी, त्यांचं फडकं वेगळं.
फडकं सरळ रेघेत न्यायचं, गोल नाही.
कपड्यांची पावडर तर नकोच नको.
आणि लगेच टिपायचं,
नाहीतर आमच्या बोअरचं पाणी
प्रत्येक थेंबामागे एक पांढरी चवली ठेवून जातं.

मेण बोटभर. त्याहून जास्त लावतो
तो हौशी.
पातळ पसरायचं, धुकं धरू द्यायचं,
बोट ओढून बघायचं, स्वच्छ रेघ उठली
की मऊ कापडाने उतरवायचं सगळं.
लावलेलं जवळजवळ सगळंच पुसायचं असतं.
उरतं ते दिसत नाही,
पण चुळकाभर पाणी टाकलं की
डाळिंबाच्या दाण्यांसारखं घरंगळतं.

मागच्या मे महिन्यात समोर भाड्याने राहणाऱ्या
तडवींच्या मेहरूनने
बॉनेटच्या राखेत बोटाने हिशोब मांडला:
मी ४, पवन ०.
कशाचा खेळ, तो त्यांना ठाऊक.
मी ओरडलो. ती पळाली.
धुतल्यावर राख गेली, हिशोब राहिला,
केसाएवढ्या चरांत, सातच्या उन्हात वाचता येईल इतका.

जूनमध्ये तिच्या वडिलांची खांडव्याला बदली झाली.

भंगाळ्यांचा पवन आता रोज येतो.
काका, काय करी राह्यले? मी करू का?
आणि मग हळूच,
काका, ते पुसा ना.
कपाटात पॉलिशची डबी आहे. दोन मिनिटांचं काम.
मी सांगतो, भो, समोरचा गडी हजर नसताना
गुण बदलत नाहीत.
आणि त्यावर मेणाचा एक जादा हात देतो.

तरी त्याला फडकं देतो, कामाचा पोरगा आहे.
सरळ ने म्हटलं की सरळ नेतो,
दारावर, टपावर, डिकीवर, ओळंब्यासारखा.
फक्त बॉनेटवर, त्या शून्यापाशी आला
की माझी पाठ वळलेली बघून
त्याचा हात
गोल फिरायला लागतो.